डॉटरेलचे पीस आणि रंगाऱ्याची कढई

१/
एका लहानशा पक्ष्याच्या पंखावरचे राखी पीस. लांबी फार तर बोटाच्या पेराएवढी, कडेला पिवळसर रेघ. या पिसापायी इंग्लंडच्या उत्तर भागात एक पक्षी वर्षागणिक दुर्मीळ होत गेला. हे पीस टोपीत खोवण्यासाठी नको होते, लेखणीसाठीही नको होते. ते हवे होते माशाला फसवण्यासाठी. आजचा थ्रेड गळाला बांधायच्या पिसांच्या माशीविषयी, तिच्या रंगाविषयी आणि त्या रंगाचे मोल कोणी चुकते केले याविषयी.

२/
प्रथम शब्दांचा घोळ निस्तरू. मराठीत 'मासा' आणि 'माशी' हे शब्द इतके सख्खे शेजारी आहेत, की या विषयावर लिहिताना पावलोपावली ठेच लागते. म्हणून ठरवून टाकू: या थ्रेडमध्ये 'माशी' म्हणजे गळावर लोकर, रेशीम आणि पीस गुंडाळून केलेला कीटकाचा आभास. इंग्रजीत तिलाच 'फ्लाय' म्हणतात.

३/
ट्राउट हा थंड, वाहत्या पाण्यातला मासा. ओढ्याच्या तळाशी दगडांना चिकटून राहणाऱ्या अनेक कीटकांची बाल्यावस्था पाण्यातच जाते. वाढ पुरी झाली की ते पृष्ठभागाकडे निघतात, वर येऊन कात टाकतात आणि उडून जातात. तळापासून पृष्ठभागापर्यंतचा हा प्रवास काही क्षणांचाच. परंतु त्या क्षणांत त्यांना धड पोहता येत नाही, धड उडताही येत नाही. ट्राउट नेमका तेव्हाच त्यांना टिपतो.

४/
त्या धडपडणाऱ्या जिवाचा आभास निर्माण करायचा, हे मऊ हॅकलच्या माशीचे काम. 'हॅकल' म्हणजे गळाच्या डोक्यामागे गोल गुंडाळलेले पीस. गुंडाळल्यावर त्याचे तंतू छत्रीच्या काड्यांसारखे चहूबाजूंनी उभे राहतात. कोंबड्याच्या मानेचे ताठ पीस घेतले तर माशी पाण्यावर तरंगते. तित्तिर, पाणलावा, कोंबडी यांचे मऊ पीस घेतले तर ती बुडते आणि प्रवाहाबरोबर तिचे तंतू मिटतात, उघडतात, पुन्हा मिटतात. हे पाय हलल्यासारखे दिसते. माशीचे अंग मात्र अगदी साधे: रेशमाचे काही वेढे आणि क्वचित त्यावर लोकरीची किंवा केसांची पुसटशी लव.

५/
या पद्धतीचा सर्वांत जुना लेखी उल्लेख इसवी सन २०० च्या आसपासचा आहे. एलियन हा रोमन लेखक. लिहीत असे ग्रीकमध्ये. प्राण्यांच्या स्वभावावरील आपल्या ग्रंथात तो मॅसिडोनियातील अ‍ॅस्ट्रियस नदीवरची एक रीत सांगतो. तेथील ठिपकेदार मासे पाण्यावर उडणारा एक कीटक खातात. तो कीटक हाती धरला की त्याचा रंग उडतो, म्हणून आमिष म्हणून तो निरुपयोगी. त्यावर कोळ्यांनी युक्ती काढली. गळाभोवती लाल लोकर गुंडाळायची आणि तिच्यावर कोंबड्याच्या गलोलीखाली उगवणारी, मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवायची.

६/
ही ऐकीव हकिकत आहे, हे एलियन स्वतःच सांगतो. तरीही तपशील इतका नेमका आहे, की सांगणाऱ्याने ती माशी हातात घेतली असावी, असे मला वाटते. त्यातली 'लाल लोकर' विशेष लक्षात ठेवावी. लाल मेंढी जगात कोठेच नसते. म्हणजे पहिल्याच नोंदीत रंगारी हजर आहे. भूमध्य समुद्राच्या परिसरात त्या काळी लोकर लाल करण्याचे दोन ठळक मार्ग होते: आपल्या मंजिष्ठेच्या कुळातील एका वनस्पतीची मुळे, किंवा ओकच्या झाडावरचे कर्मीस नावाचे किडे. आपला 'किरमिजी' हा शब्द त्याच किड्याच्या नावातून अरबी-फारसीमार्गे आला आहे.

७/
यानंतर थेट १४९६. वेस्टमिन्स्टर येथे विंकिन द वर्ड या मुद्रकाने 'बुक ऑफ सेंट अल्बन्स'ची दुसरी आवृत्ती छापली आणि तिच्यात गळाने मासे धरण्यावरचा एक प्रबंध जोडला. परंपरा त्याचे कर्तृत्व डेम ज्युलियाना बर्नर्स या मठवासिनीला देते; पुरावा मात्र फार तोकडा आहे. या प्रबंधात बारा माश्यांच्या कृती आहेत. मे महिन्याच्या एका माशीचे अंग लाल लोकरीचे असून त्यावर काळे रेशीम गुंडाळायचे आहे. पंख बदकाच्या पिसाचे आणि तांबड्या खच्ची कोंबड्याच्या हॅकलचे.

८/
मला मात्र त्या प्रबंधातला दुसराच भाग अधिक मोलाचा वाटतो. तो आहे दोरी रंगवण्याचा. तेव्हा गळाची दोरी पांढऱ्या घोड्याच्या शेपटीच्या केसांची वळत. ऋतू आणि पाण्याचा रंग पाहून ती हिरवी, पिवळी, तपकिरी अशा वेगवेगळ्या छटांत रंगवावी, असे प्रबंध सांगतो आणि घटकही देतो: हलकी बिअर, तुरटी, अक्रोडाच्या पानांचा रस, धुराची काजळी, हिराकस. हे सारे घरच्या स्वयंपाकघरात किंवा बाजारात मिळणारे. छापील इंग्रजीतला मासेमारीचा पहिलाच मजकूर, आणि त्यात कढई चुलीवर चढलेली.

९/
तुरटी कशासाठी? बहुतेक वनस्पतिजन्य रंग धाग्याला आपणहून घट्ट धरत नाहीत. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियम एका बाजूने तंतूला आणि दुसऱ्या बाजूने रंगाला धरून ठेवते. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. तो रंग धरतोही आणि काळवंडवतोही. पिवळ्यात तो पडला की शेवाळी-हिरवट छटा येते. आपल्याकडचे रंगारी हीच दोन द्रव्ये शतकानुशतके वापरत आले. तुरटीच्या जोरावर भारतीय छिटाचा लाल रंग धुण्याला पुरून उरे आणि हिराकशीतून त्याची काळी रेघ उमटे. लोकर, रेशीम, केस आणि पीस हे चारही प्रथिनांचे बनलेले असल्यामुळे लोकर रंगवणाऱ्याची विद्या पिसालाही लागू पडते.

१०/
मधली दोन-अडीच शतके झपाट्याने ओलांडू. १६५३ मध्ये आयझॅक वॉल्टन यांचे 'द कम्प्लीट अँग्लर' आले. १६७६ मध्ये त्याला चार्ल्स कॉटन यांनी माशीवरचा दुसरा भाग जोडला. दोघांचीही कीर्ती मोठी, पण आपल्या विषयाला खरी कलाटणी मिळाली ती १८३६ मध्ये.

११/
त्या वर्षी आल्फ्रेड रोनाल्ड्स यांचे 'द फ्लाय-फिशर्स एन्टमॉलॉजी' प्रसिद्ध झाले. रोनाल्ड्स यांनी स्टॅफर्डशरमधील ब्लाइथ नदीकाठी एक लहानशी खोपी उभारली आणि आत बसून ट्राउट न्याहाळले. माशांना आवाज ऐकू येतो का, हे तपासायला त्यांनी बंदुकीचे बारही काढून पाहिले. (मासे ढिम्म हलले नाहीत.) त्यांचे मुख्य काम असे, की खरा कीटक आणि त्याची नक्कल शेजारीशेजारी ठेवून त्यांनी दोहोंची रंगीत चित्रे दिली आणि कीटकाला शास्त्रीय नाव दिले.

१२/
खरा कीटक शेजारी आला की रंगाची चूक लपत नाही. म्हणून रोनाल्ड्स यांना रंगवण्याच्या कृती द्याव्या लागल्या. पिसे आधी तुरटीच्या पाण्यात उकळायची. मग फस्टिक या अमेरिकी पिवळ्या लाकडाच्या काढ्यात. लालसर किंवा तपकिरी छटा हवी असेल तर त्यानंतर मंजिष्ठेच्या कुळातील मुळांच्या किंवा ब्राझीलवुडच्या काढ्यात. हे ब्राझीलवुड आपल्याकडच्या पतंगाच्या लाकडाचे भाऊबंद. पुढे १८५५ मध्ये लंडनमध्ये दुकान थाटलेल्या विल्यम ब्लॅकर यांनी माशी बांधण्यावर पुस्तक काढले, तेव्हा 'रंगकाम' हा शब्द थेट शीर्षकात आला. तोवर रंगवणे ही माशी बांधणाऱ्याच्या हुन्नराची मान्य शाखा झाली होती.

१३/
आता यॉर्कशरकडे वळू, कारण मऊ हॅकलच्या माशीचे माहेर तेथे आहे. व्हार्फ, निड, यूर, स्वेल या तिथल्या डोंगरी नद्या. पाणी थंड, वेगवान, खडकाळ. प्रवाह इतका जोराचा, की माशाला निरखून पाहायला सवड मिळत नाही. जिवंतपणाचा भास झाला की तो झेपावतो. त्यामुळे येथील माश्या सडपातळ, जवळजवळ उपाशी म्हणाव्यात अशा. खेड्यापाड्यांतले लोक त्यांच्या याद्या हाताने लिहून ठेवत. जॉन स्वारब्रिक यांची व्हार्फ खोऱ्यातील माश्यांची यादी १८०७ ची आहे. १८८५ मध्ये 'यॉर्कशर पोस्ट' या वृत्तपत्रात मासेमारीवर लिहिणारे टी. ई. प्रिट यांनी अशा ६२ माश्या हाताने रंगवलेल्या चित्रांसह छापल्या.

१४/
त्यांची नावेच कृती सांगतात. 'पार्ट्रिज अँड ऑरेंज': नारिंगी रेशमाचे अंग, तित्तिराचे तपकिरी ठिपकेदार पीस. 'स्नाइप अँड पर्पल': जांभळे रेशीम, पाणलाव्याच्या पंखाचे काळसर पीस. 'वॉटरहेन ब्लोआ': पिवळे रेशीम, त्यावर मोल नावाच्या बिळवासी प्राण्याच्या लवेची पुसट धूळ आणि पाणकोंबडीचे निळसर-राखी पीस. 'ब्लोआ' हा उत्तरेकडचा बोलीशब्द. पावसाळी ढगाचा किंवा काळ्यानिळ्या वळाचा जो रंग, तो ब्लोआ.

१५/
येथे थोडे थांबले पाहिजे. नारिंगी? जांभळे? असा भडक कीटक यॉर्कशरच्या कोणत्या ओढ्यात दिसतो? कोणत्याच नाही. उत्तर पाण्यात बुडवल्यावर मिळते. रेशीम भिजले की अर्धपारदर्शक होते आणि आतले काळे पोलाद त्यातून डोकावू लागते. कोरडे असताना संत्र्यासारखे दिसणारे अंग ओले होताच विटकरी-तपकिरी होते, जांभळे जवळजवळ काळे पडते आणि तरीही आत कोठेतरी एक उब राहते. कीटकाच्या अंगातून उजेड आरपार जातो तेव्हा नेमके असेच दिसते.

१६/
त्यात भर मेणाची. रेशीम गळावर घसरू नये म्हणून त्याला मोचीचे गडद मेण चोळत. फिक्या पिवळ्या रेशमाला हे मेण लागले की त्याचा रंग बसतो आणि ऑलिव्हची हिरवट झाक येते. म्हणजे रंग तीन ठिकाणी तयार होत असे: रंगाऱ्याच्या कढईत, बांधणाऱ्याच्या बोटांवरच्या मेणात आणि शेवटी नदीच्या पाण्यात. दुकानातल्या काचेआड माशी पाहून तिची निवड करणारा माणूस यांतले एकच ठिकाण पाहत असतो.

१७/
आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या माश्यांत कामाची वाटणी झालेली आहे. रंग बहुतांशी रेशमाने द्यायचा. हालचाल पिसाने द्यायची. रेशीम हवे तसे रंगवता येते. पीस मात्र पक्ष्याच्या अंगावरून आले तसेच वापरायचे, कारण त्याची मऊशार लव, त्यावरची नक्षी आणि एकाच पिसात असलेल्या दोन छटा यांची सर कढईतल्या पिसाला येत नसे. रंगाऱ्याची कढई पिसाला सरसकट एकच रंग देते. डॉटरेलचे दुर्दैव नेमके येथे सुरू होते.

१८/
डॉटरेल हा आपल्या चिखल्यांच्या कुळातला पक्षी. उंच, उघड्या डोंगरमाथ्यावर वीण करतो. मादी नरापेक्षा अधिक रंगीत, आणि अंडी उबवण्याचे काम मुख्यतः नर करतो. स्वभावाने इतका विश्वासू, की माणूस जवळ आला तरी लगेच उडत नाही. या भोळेपणाची शिक्षा त्याला नावातही मिळाली: इंग्रजीत 'डॉटरेल' म्हणजे बावळट, आणि त्याच्या शास्त्रीय नावातील 'मोरिनेलस' या शब्दामागेही मूर्ख या अर्थाचा ग्रीक शब्द सांगितला जातो. विश्वास ठेवणाऱ्याला मूर्ख ठरवण्याची ही रीत केवळ इंग्रजांची नव्हे, पण ते असो.

१९/
त्याचे मांस चवदार म्हणून त्याची शिकार जुनीच होती. त्यात पिसाची भर पडली. पंखावरची लहान राखी पिसे आणि त्यांची पिवळसर कड; पिवळ्या किंवा नारिंगी रेशमावर ती गुंडाळली की उत्तरेकडील नद्यांवरची एक नामांकित माशी तयार होई. तिचे नावही 'डॉटरेल'. कार्लाइलचे निसर्ग-अभ्यासक टी. सी. हेशम यांनी १८३० च्या दशकातच लिहून ठेवले, की केझिकच्या परिसरात गळ टाकणाऱ्यांना ही पिसे फार मोलाची वाटतात, त्यांच्यासाठी पक्ष्याचा पाठलाग होतो आणि सरोवरांच्या भागात तो वर्षागणिक कमी होतो आहे. ही नोंद पक्षिशास्त्राच्या ग्रंथांतही पोचली. पिसे मात्र विकली जात राहिली.

२०/
१८५७ मध्ये स्कॉटलंडच्या डब्ल्यू. सी. स्ट्युअर्ट यांचे 'द प्रॅक्टिकल अँग्लर' प्रसिद्ध झाले. त्यांचे तीन 'स्पायडर' आजही बांधले जातात. त्यांपैकी राखी स्पायडरसाठी स्ट्युअर्ट डॉटरेलचेच पीस सांगतात. पण लगेच पुढे लिहितात, की हा पक्षी दुर्दैवाने फार दुर्मीळ झाला आहे आणि स्टारलिंगच्या पंखाच्या आतल्या बाजूचे लहान पीस त्याच्या जागी उत्तम चालते. स्टारलिंग म्हणजे आपल्या भोरडीची नातलग. युरोपात तेव्हा थव्यांनी दिसणारी, शेतकऱ्याला नकोशी झालेली.

२१/
या एका वाक्याकडे मी पुन्हा पुन्हा परततो. त्यात हळहळ आहे, पण ती पक्ष्यासाठी की पिसासाठी, हे ठरवणे अवघड. तरीही काम झाले. पुस्तक खपाऊ होते, पर्याय स्वस्त होता, आणि ट्राउटला फरक कळत नव्हता. यावरून असा निष्कर्ष काढावासा वाटतो, की पिवळ्या कडेचा तो सारा आग्रह माशाचा नव्हता, माणसाचा होता. माशाला हालणारे राखी पीस पुरेसे होते.

२२/
कायदा उशिरा आला. १८८० च्या वन्य पक्षी संरक्षण कायद्याने विणीच्या हंगामात पक्षी मारण्यावर बंधने आणली. डॉटरेल ब्रिटनमध्ये येतो एप्रिल-मे महिन्यांत, म्हणजे ऐन बंदीच्या काळात. १८८९ मध्ये मँचेस्टरजवळच्या डिड्सबरी येथे एमिली विल्यमसन यांनी पिसांच्या फॅशनविरुद्ध महिलांची संघटना उभी केली. पक्षी संरक्षणासाठीची आजची ब्रिटनमधील बलाढ्य 'रॉयल सोसायटी' तिच्यातूनच वाढली. मात्र या चळवळीचा रोख टोप्यांवर होता. पुरुषांच्या गळाच्या पेटीत काय दडले आहे, याकडे फारसे कोणी पाहिले नाही.

२३/
त्या पेटीत काय होते, हे पाहायला थोडे बाजूला वळू. कारण हे वळण आपल्या सह्याद्रीत येते. ट्राउटच्या साध्या माशीबरोबर ब्रिटनमध्ये सामन माशासाठी बांधायच्या झगमगीत माश्यांची लाट आली होती. जॉर्ज केल्सन यांच्या १८९५ च्या 'द सामन फ्लाय' या पुस्तकात तिचा कळस दिसतो. पिवळी, लाल, निळी रंगवलेली हंसाची पिसे, मकाव, टूकन, सोनेरी फेझंट. आणि माशीच्या दोन्ही बाजूंना डोळ्यासारखे चमकणारे 'जंगल कॉक'चे पीस.

२४/
हा 'जंगल कॉक' म्हणजे आपला राखी रानकोंबडा. जगात तो फक्त भारतीय द्वीपकल्पात आढळतो. सह्याद्रीच्या जंगलात पहाटे त्याची बांग ज्यांनी ऐकली असेल त्यांना तो वेगळा सांगायला नको. फ्रेंच प्रवासी पिएर सोनरा यांच्या स्मरणार्थ त्याचे शास्त्रीय नाव ठेवले गेले. नराच्या मानेवरच्या पिसांचा मधला दांडा टोकाशी रुंदावतो आणि त्यावर पिवळ्या-पांढऱ्या, मीना केल्यासारख्या चकचकीत टिकल्या तयार होतात. पावसाळ्यात तो ही पिसे टाकतो आणि काही काळ साध्या गडद पिसांवर भागवतो.

२५/
ही टिकली रंगवून करता येत नाही, कारण ती नुसता रंग नसून पिसाच्या रचनेचाच भाग आहे. पांढऱ्या कोंबडीचे पीस कितीही वेळा कढईत बुडवा, तो मीना त्यावर येणार नाही. परिणामी मानेची अखंड कातडी बोटीने ब्रिटनला जात राहिली. १९०२ मध्ये हिंदुस्थान सरकारने वन्य पक्ष्यांची कातडी व पिसे निर्यात करण्यास बंदी घातली. चोरटा व्यापार तरीही चाले. ब्रिटनने स्वतः आयातीवर कायदा केला तो १९२१ मध्ये. स्वतंत्र भारतात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. परदेशात आज हे पीस मिळते ते बंदिस्त जागेत पैदास केलेल्या पक्ष्यांचे.

२६/
थोडक्यात, कढईला जे साधले तेथे पक्षी वाचला आणि जे साधले नाही तेथे तो मारला गेला. ही विभागणी कोणी योजून केलेली नव्हती. म्हणूनच रंगद्रव्यांचा इतिहास हा पक्ष्यांचाही इतिहास ठरतो, आणि १८५६ हे साल या कथेत महत्त्वाचे. त्या वर्षी १८ वर्षांच्या विल्यम पर्किन यांनी कोळशाच्या डांबरापासून जांभळा रंग बनवला. त्यानंतर काही दशकांत रेशमाच्या शेकडो छटा बाजारात आल्या. व्हार्फच्या काठचा माणूस आता आकडा सांगून रेशीम मागवू शकत होता.

२७/
कृत्रिम रंगांच्या या घराण्यातला एक वडीलधारा मात्र पर्किन यांच्याही आधीचा: पिक्रिक आम्ल. १७७१ मध्ये पीटर वूल्फ यांनी निळीवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून ते मिळवले. गंमत पाहा, निळ्यातून लख्ख पिवळे! रेशीम, लोकर आणि पीस त्याच्या द्रावणात नुसते बुडवले तरी रंग धरतात. तुरटीची गरज नाही. माशी बांधणाऱ्यांना ऑलिव्ह छटांसाठी याहून सोयीचे काही नव्हते. राखी पीस पिक्रिकमध्ये बुडवले की शेवाळी रंग तयार.

२८/
पण हेच द्रव्य स्फोटकही आहे. १८८८ पासून ब्रिटिश सैन्य ते 'लिडाइट' या नावाने तोफगोळ्यांत भरू लागले. ब्रॅडफर्डच्या दक्षिणेला लो मूर येथील कारखाना पूर्वी गालिच्यांच्या रंगासाठी पिक्रिक आम्ल बनवीत असे. महायुद्धात त्याचे दारूगोळ्याच्या कारखान्यात रूपांतर झाले. २१ ऑगस्ट १९१६ रोजी तेथे स्फोटांची मालिका झाली. ४० माणसे मेली. त्यांत सहा अग्निशामक होते. (थ्रेड वाचून कोणी जुन्या कृती करून पाहणार असेल तर सांगून ठेवतो: वाळलेले पिक्रिक आम्ल धक्क्यानेही फुटू शकते. त्याच्या वाटेला जाऊ नये.)

२९/
त्याच १९१६ साली, त्याच ब्रॅडफर्डमध्ये, हार्फिल्ड एडमंड्स आणि नॉर्मन ली यांनी 'ब्रूक अँड रिव्हर ट्राउटिंग' हे पुस्तक स्वतः छापून काढले. उत्तरेकडील माश्यांवर याहून काटेकोर पुस्तक झाले नाही, असे माझे मत आहे. 'पिवळे रेशीम' एवढ्यावर ते थांबत नाहीत. पिअर्सल कंपनीच्या रेशमाचा छटा-क्रमांक देतात. मोजक्या विशेष प्रतींत तर प्रत्यक्ष रेशीम, पीस आणि लव यांचे नमुनेच चिकटवले होते. छापील रंगावर त्यांचा विश्वास नव्हता. शंभर वर्षांनंतर ते नमुने पाहणाऱ्याला त्यांचा हेतू बोलून दाखवावा लागत नाही.

३०/
यानंतर काही काळ या माश्या मागे पडल्या. दक्षिण इंग्लंडच्या संथ, स्वच्छ नद्यांवर फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी तरंगणाऱ्या माशीचा असा दबदबा निर्माण केला होता, की बुडती माशी वापरणे तेथे कमीपणाचे मानले जाई. जी. ई. एम. स्क्यूज यांनी १९१० मध्ये पुस्तक लिहून त्याला विरोध केला. पुढे हा वाद बरीच वर्षे धुमसला. यॉर्कशरवाले मात्र या वादात न पडता आपल्या तित्तिरांची पिसे गुंडाळत राहिले.

३१/
अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या जेम्स लायझनरिंग यांनी १९४१ मध्ये बुडत्या माशीवर पुस्तक लिहिले. ते रेशमाच्या धाग्यांत लव पिळून माशीचे अंग आधीच तयार ठेवीत. धाग्याचा रंग लवेतून आतून झिरपावा, हा उद्देश. १९७५ मध्ये सिल्व्हेस्टर नेम्स यांनी 'द सॉफ्ट-हॅकल्ड फ्लाय' लिहिले आणि जुन्या माशीला आज रूढ असलेले नाव मिळाले. यॉर्कशरमध्ये तिला तसे कोणी म्हणत नव्हते. तेथे ती फक्त 'फ्लाय' किंवा 'स्पायडर' होती.

३२/
एकविसाव्या शतकात पिअर्सलचे ते बारीक रेशीम निघेनासे झाले. जुन्या रिळांच्या किमती चढल्या. मग काही जण पुन्हा कढईकडे वळले: पांढरे रेशीम आणून कांद्याची टरफले, मंजिष्ठा, नीळ, तुरटी यांनी ते घरीच रंगवायचे. पिसांचेही तसेच. मांसासाठी पाळलेल्या कोंबडीचे पांढरे किंवा फिके पीस साबणाने धुऊन त्यावरचे तेल काढायचे, तुरटीच्या कोमट पाण्यात मुरवायचे, मग रंगात टाकायचे. पाणी खळखळा उकळले की पिसाचे तंतू कुरळे होऊन वाया जातात. आच मंदच हवी. कांद्याच्या टरफलांतून मधासारखा पिवळा उतरतो, आणि चिमूटभर हिराकस पडली की तोच ऑलिव्हकडे झुकतो.

३३/
रंग बरोबर आला का, हे पिंगट ओल्या पिसाकडे पाहून ठरवत नाहीत, आणि वाळलेल्या पिसाकडे पाहूनही नाही. बांधलेली माशी काचेच्या पेल्यात पाणी घेऊन त्यात सोडायची आणि पेला खिडकीच्या उजेडात धरायचा.

३४/
डॉटरेल आज ब्रिटनमध्ये वीण करतो तो मुख्यतः स्कॉटलंडच्या सर्वांत उंच डोंगरमाथ्यांवर. संख्या थोडी आहे, आणि अलीकडच्या घसरणीला शिकारीपेक्षा बदलते हवामान व डोंगरावरची बदलती वनस्पती यांच्याकडे अभ्यासक बोट दाखवतात. 'डॉटरेल' नावाची माशी अजून बांधली जाते. तिच्यात स्टारलिंगचे नाहीतर रंगवलेल्या कोंबडीचे पीस असते.